आवडायचं वळण

फार वर्षांपूर्वी, जेव्हा सड्यावर फक्त वारा आणि गवत होतं, तेव्हा बंदराहून घाटाकडे जाणारी वाट शेळवणे गावातून जायची. ती मिठाच्या बैलांची वाट होती. बंदरातून मीठ आणि सुकी मासळी वर जायची, वरून गूळ आणि मिरची खाली यायची. बैल गावच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पाणी प्यायचे आणि माणसं सातेरी देवीच्या देवळात पाठ टेकायची. शेळवण्यात तेव्हा रोज नवी माणसं दिसायची, असं म्हणतात.

आता ती वाट बुजली आहे. आता मोठा रस्ता आहे. तो घाटाखालून निघतो, बाजाराच्या गावातून जातो, नदीच्या कडेनं चालतो आणि मग सड्यावर चढतो. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा उघडा, सपाट कातळ. तिथे झाड नाही, घर नाही. रस्ता त्या कातळावरून सरळ शेळवण्याकडे येतो. खालच्या दरीतले आमचे माड दिसायला लागतात, इतका जवळ येतो. आणि तिथेच, समोर काहीही आडवं नसताना, तो वळतो आणि बंदराकडे निघून जातो. कोणीतरी हाक मारायला तोंड उघडावं आणि मग न बोलताच मान फिरवावी, तसं ते वळण दिसतं.

पहिल्यांदा हा रस्ता मातीचा होता. मग त्यावर खडी पडली, मग डांबर पडलं, मग दगडावर पिवळा रंग देऊन त्याला नंबर मिळाला. दर वेळी रस्ता रुंद झाला आणि त्याची वाकडी वळणं सरळ झाली. हे एक वळण मात्र कोणी सरळ केलं नाही. त्याला आवडायचं वळण म्हणतात, आणि ते तसंच का राहिलं ते सांगायचं तर आवडाय नावाच्या बाईपासूनच सुरुवात करायला हवी.

आवडायचं घर व्हाळाच्या काठाला, गावात शिरताना पहिलं होतं. तिचा नवरा लवकर वारला होता. तिला एकच मुलगी होती, द्वारका. द्वारकेला घाटाखालच्या एका गावात दिली होती. ते गाव दोन दिवसांच्या चालीवर होतं. वाटेत मुक्काम करायला लागायचा, म्हणून सासरची माणसं तिला माहेरी धाडत नसत. मीठवाल्यांबरोबर कधी निरोप यायचा. “तुझा चेडू बरा आसा,” लेक बरी आहे, एवढंच ते सांगायचे, आणि आवडाय त्यांना ताक द्यायची आणि पुन्हा पुन्हा विचारायची, “आणि काय बोलला?” मीठवाल्यांना आणखी काही आठवायचं नाही. मग ते काहीतरी बनवून सांगायचे. आवडायला ते कळायचं, तरी ती ऐकून घ्यायची.

एका वर्षी बातमी आली की साहेबाची माणसं बंदरापर्यंत मोटारीचा रस्ता काढतायत, आणि तो जुन्या वाटेनं, म्हणजे शेळवण्यातूनच येणार आहे. गावात कोणाला व्यापार दिसला, कोणाला कचेरी जवळ येताना दिसली. आवडायला आपल्या दारात थांबलेली मोटार दिसली. त्या मोटारीतून द्वारका उतरत होती. त्या दिवसापासून ती रोज अंगण दोनदा झाडायला लागली, असं म्हणतात.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. काही वर्षांनी एकदा सातेरी कौल देते आणि मग सगळा गाव गाव सोडून जातो. याला गावपळण म्हणतात. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या, कुत्री, मांजरंसुद्धा जातात. शिवेच्या बाहेर माडाच्या झापांच्या खोपी बांधायच्या आणि तिथे राहायचं. गाव तेवढे दिवस देवाला मोकळा करून द्यायचा. घरात चूल नाही, देवळात घंटा नाही. देवीचा परत कौल होईपर्यंत कोणी शीव ओलांडायची नाही. आणि कोणी परक्यानं विचारलं तर सांगायचं, गावात कोणी नाही. त्या दिवसांत कोणी शेळवण्याचं नसतंच.

साहेबाची माणसं झेंडे आणि साखळ्या घेऊन सड्यावरून रस्ता आखत आली, तेव्हा नेमकी गावपळण होती.

त्यांनी वरून बघितलं. एवढी घरं, पण कुठेच धूर नव्हता. कोंबडा आरवत नव्हता. ती माणसं थोडी खाली उतरली. दारं नुसती लोटलेली होती आणि विहिरीवर दोर नव्हता. पटकीच्या साथीत ओस पडलेली गावं त्यांनी बघितली होती. ती घाबरली आणि पुढे गेली नाहीत. व्हाळाच्या पलीकडे, शिवेबाहेर, त्यांना एक खोप दिसली. खोपीच्या दारात आवडाय भात पाखडत बसली होती.

साखळी धरणारा गडी घाटावरचा होता. तो व्हाळाच्या अलीकडून ओरडला, “ओ मावशी! त्या गावात कोण ऱ्हातंय का?”

आवडायच्या हातातलं सूप थांबलं. ही रस्त्याची माणसं आहेत हे तिला झेंड्यांवरून कळलं होतं. तिच्या मागे, झाडीआडच्या खोपींमधून सगळा गाव ऐकत होता. दाजी गावकर, जे देवीला कौल लावायचे, तेही ऐकत होते. गावपळणीत रीत मोडून उत्तर दिलं तर देवीचा कोप कोणावर होईल? पोटच्या पोरावर होईल, असं ती मानत होती. म्हणून तिनं रीतीप्रमाणे सांगितलं.

“गावात कोण नाय.”

“आन् तुमी?”

“मी गावची नाय.”

माणसं परत गेली. दाजी गावकर खोपीशी आले आणि म्हणाले, “बरा बोललंस, आवडाय. रीत राखलंस.”

सगळ्यांना तिचं कौतुक वाटलं. पुढच्या दिवशी कौल झाला आणि गाव घरी परतला. मग गुरं राखणाऱ्यांनी येऊन सांगितलं की सड्यावरचे झेंडे वळलेत. जिथे कोणी राहत नाही, तिथे रस्ता उतरवायचा कशाला आणि व्हाळावर मोरी बांधायची कशाला, असा विचार त्या लोकांनी केला असणार. दाजी गावकर आणि चार माणसं कचेरीत जाऊन आली. तिथे त्यांना सांगण्यात आलं, आमच्या माणसांनी गाव डोळ्यांनी बघितलं आहे, तुमच्याच बाईनं सांगितलं आहे. खडी पडायला लागली होती. कोणी ऐकलं नाही.

परत येताना दाजी गावकर आवडायच्या अंगणासमोर थांबले. “तुझ्या तोंडान रस्तो गेलो,” ते म्हणाले. ती रीत राखल्याबद्दल तिला शाबासकी देणारेही तेच होते, हे त्या दिवशी कोणाला आठवलं नाही. आवडाय अंगण झाडत राहिली.

तरी रस्ता झाला तो झालाच, आणि सड्यापर्यंत मोटार येऊ लागली. आवडायनं मनात हिशोब बदलला. मोटार दारात येत नाही, तर आपण वळणावर जाऊ. द्वारकेला दिवस गेले होते आणि नवरात्र संपलं की ती बाळंतपणाला येणार होती, असा निरोप होता. आवडायनं जुनी लुगडी धुऊन त्यांची दुपटी शिवली.

पण सासरच्यांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर बंदराकडे निघाला होता. सोबत चांगली आहे, म्हणून त्यांनी द्वारकेला आधीच धाडली. निरोप द्यायला वेळ नव्हता. पाऊस परतीचा होता आणि सड्यावर धुकं उतरत होतं. वळणावर मोटार थांबली.

ड्रायव्हर म्हणाला, “न्यायला कोण आलेलं दिसत नाही, ताई. बंदरापर्यंत चला, परवा परत येताना सोडतो.”

तेवढ्यात धुकं जरा बाजूला झालं आणि खाली माड दिसले. द्वारका हसली. “ती बघा आमची माडां! ता काय दूर आसा? आवशीक हाक मारलंय तर ऐकाक येतली.”

हाक आईला ऐकू जाईल या भरवशावर ती उतरली. मोटार गेली. मग धुकं पुन्हा मिटलं.

कातळावर वाट नसते. मातीत वाट पडते, गवतात पडते, कातळावर पाऊल उमटत नाही. दोन दिवसांनी ड्रायव्हर परत फिरला तेव्हा त्यानं वळणावर भेटलेल्या गुराख्याला सहज विचारलं, “पोहोचली ना तुमची लेक?” तेव्हा गावाला कळलं. सगळे सड्यावर धावले. डबकी बघितली, चिऱ्याच्या जुन्या खाणी बघितल्या, पलीकडच्या कड्याखालची झाडी बघितली. काहीच मिळालं नाही. तिचं बोचकं नाही, चप्पल नाही. मेली म्हणावं तर देह नाही, आणि जिवंत म्हणावं तर माणूस नाही. दाजी गावकरांनी सगळ्यांत उशिरापर्यंत शोधलं, असं म्हणतात, आणि त्यानंतर ते आवडायच्या घरावरून जाताना मान वर करत नसत.

आवडाय रडली नाही. दुसऱ्या सकाळी ती वळणावर जाऊन बसली. द्वारका कुठेतरी चकव्यात फिरतेय, असं ती म्हणायची. चकवा म्हणजे माणसाला एकाच जागी गोल गोल फिरवणारं भूत. चकवा कधीतरी सोडतो. सोडलं की माणूस जिथून वाट चुकलं तिथेच परत येतं. म्हणून तिला वळणावर असायला हवं होतं. एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि तिनं ते एकदाच सांगितलं.

सुरुवातीला गावातली माणसं बोलायची. तिठ्यावर बसणारे बाप्ये तर फारच. “काय गे आवडाय, मोटार काय तुझ्या जावयाची?” असं कोणी म्हणालं की बाकीचे हसायचे. आवडाय त्यांच्या पुढून जायची आणि म्हणायची, “जावयाची असती तर तुमका फुकट बसयलंय असतंय.” 

मोटार थांबली आणि त्यातून कोणी उतरलं, की ती उठायची. उतरलेल्या माणसाच्या तोंडाकडे ती एकदाच बघायची. ते तोंड द्वारकेचं नसायचं. मग ती त्याच्याजवळचं सगळ्यांत जड ओझं आपल्या डोक्यावर घ्यायची आणि म्हणायची, “चल, घराक जावया.” धुकं असो, ऊन असो, ती पुढे चालायची आणि चालताना सतत बोलायची, म्हणजे मागच्याला आवाजाच्या मागून येता यावं. “हय पाय जपान टाक, खाच आसा. हय पाणी साचता. आता उतार लागतलो, भियाव नको.” शेळवण्यातलं प्रत्येक माणूस कधी ना कधी त्या आवाजामागून चाललं आहे. मुंबईहून आजारी होऊन आलेले आले, सासरहून रागावून आलेल्या आल्या. एकदा दाजी गावकरांचा मुलगा तापानं फणफणलेला उतरला, तेव्हा तिनं त्याला पाठीवर घेऊन आणलं, असं म्हणतात. ती त्या वेळी म्हातारी व्हायला लागली होती आणि तो चांगला उंच होता.

माणूस घरात पोचलं, की घरचे त्याच्याभोवती गोळा व्हायचे. कोणी पाणी आणायचं, कोणी रडायचं. आवडाय ओझं ओट्यावर ठेवायची आणि त्या गडबडीत निघून जायची. उतरताना ती बोलायची, पण परत सड्यावर चढताना ती एकटी असायची आणि तेव्हा तिचा आवाज कोणी कधी ऐकला नाही.

हळूहळू लोक तिच्याबद्दल नवल सांगायला लागले. म्हणे, ती चालायला लागली की धुकं दोन हात बाजूला सरायचं. म्हणे, एकाच संध्याकाळी वरच्या वाडीत आणि खालच्या वाडीत दोन्हीकडे तिनं माणसं पोचवली, आणि दोन्ही घरांना वाटलं की ती आपल्याकडेच आली होती. आणि एक नवल तर सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. ज्या कातळावर पाऊल उमटत नाही, त्या कातळावर वळणापासून गावापर्यंत एक वाट उमटली. एका माणसाला चालता येईल एवढीच रुंद होती. पावसात त्या वाटेवर पाणी साचायचं आणि वरून बघितलं तर चांदीची तार पडल्यासारखी दिसायची. ती आवडायच्या एकटीच्या पायांनी पडली, असं म्हणतात.

मग राज्य बदललं आणि नवे साहेब आले. रस्ता डांबरी करायचा होता. या साहेबांनी जुनं वळण बघितलं आणि ते वेडगळ आहे असं त्यांचं मत झालं. रस्ता सरळ दरीत उतरवू, शेळवण्यातून नेऊ, व्हाळावर पूल घालू, असं ते म्हणाले. वरचं वळण मोडून टाकायचं, म्हणजे तिथला रस्ताच उखडायचा. गावानं जमिनी द्यायला हव्या होत्या. इतक्या वर्षांनी गेलेला रस्ता आपणहून परत येत होता. गावात त्या दिवशी साखर वाटली.

रीतीप्रमाणे सगळे सातेरीला विचारायला जमले. कौल लावतात तो असा. देवीच्या मूर्तीला पाण्यात भिजवलेल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दाजी गावकर आता म्हातारे झाले होते, पण कौल तेच लावायचे. त्यांनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, “आई, रस्तो गावात घेऊ काय?”

पाकळी पडेना. उजवी पडेना, डावीही पडेना. दुपार झाली. पाकळ्या सुकल्या, तरी मूर्तीला चिकटून होत्या. मुलं कंटाळून झोपली. कोणीतरी कुजबुजलं की दारात आवडाय उभी आहे. ती देवळात कधी येत नसे, कारण देवळात आलं की वळण सुटायचं. सगळ्यांनी मागे बघितलं.

दाजी गावकर म्हणाले, “आवडाय, तुझ्या मनात काय आसा ता बोल. कौल अडलोहा.”

ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “रस्तो घेवा. पोरांचा बरा होऊं दे. माजा काय म्हणणा नाय.”

“मगे?”

तिनं मागे वळून सड्याकडे बघितलं. मग म्हणाली, “ता वळण तेवढा ठेवा. माझ्या चेडवाक दुसरी वाट म्हायत नाय.”

 रस्ता खाली आला तर वळण राहणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं. दोन रस्ते कोणी देत नाही. प्रत्येक जण मनात काहीतरी मोजत असणार. दुकान, नोकरी, दवाखान्याची गाडी. आणि प्रत्येकाला तो धुक्यातला आवाजही ऐकू येत असणार.

पहिल्यांदा दाजी गावकर बोलले. ते मूर्तीकडे बघून बोलले, आवडायकडे नाही. “आई, मी हिका एकदा बोल लावलंय. हिचा काय चुकला नव्हता. माका नको तो रस्तो. आमका खाली येवक एक फाटो पुरे.”

मागून कोणीतरी म्हणालं, “आमकाय नको.” मग आणखी कोणी म्हणालं. जे तिठ्यावर बसून हसायचे, तेही म्हणाले. दाजींनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, “वळण ठेवू काय, आई?” आणि शब्द पुरा व्हायच्या आत उजवी पाकळी पडली, असं म्हणतात. ती वाळलेली होती, तरी पडताना तिच्यातून पाण्याचा थेंब गळला.

साहेबांनी कपाळाला हात लावला. पायाशी आलेला रस्ता परत पाठवणारं गाव त्यांनी बघितलं नव्हतं. पण लोक हटले नाहीत. मोठा रस्ता वळणावरून तसाच बंदराकडे गेला, आणि वळणापासून खाली गावानं स्वतःच्या हातांनी फाटा काढला. आखणी करायला लागली नाही. कातळावर उमटलेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी दगड मांडले आणि मधे माती भरली. आवडाय वळणावर बसून ते काम बघायची. एकदा तिनं फक्त एवढंच विचारलं, “दोघांका एकदम चालाक येतला मां?” येईल, असं लोकांनी सांगितलं.

तिचा शेवट कसा झाला ते नक्की कोणाला माहीत नाही. एका संध्याकाळी दाट धुकं होतं. शेवटची मोटार वळणावर थांबली. ड्रायव्हर नंतर शपथेवर सांगायचा की गाडी रिकामी होती, तरी मागचं दार वाजलं आणि कोणीतरी उतरल्यासारखी गाडी हलकी झाली. आवडाय उठली. तिनं समोर बघितलं, आणि नेहमी ती एकदाच बघायची, पण त्या दिवशी ती बघतच राहिली. मग तिनं काहीतरी डोक्यावर घेतलं आणि फाट्यानं खाली निघाली. ड्रायव्हरला तिचं बोलणं ऐकू येत होतं, आणि मधेच कोणीतरी हसल्यासारखं वाटलं. पण ती गावात पोचली नाही. घरातला दिवा लागला नाही. सड्यावर शोधलं, काही मिळालं नाही.

कोणी म्हणतात, तिला तिची द्वारका भेटली. कोणी म्हणतात, गावाला बरं वाटावं म्हणून ड्रायव्हरनं ते रचून सांगितलं. ज्यांना पहिलं खरं वाटतं त्यांनाही खात्री नाही, आणि ज्यांना दुसरं खरं वाटतं त्यांनाही नाही. म्हणून गावानं तेव्हाच ठरवलं की वळण रिकामं ठेवायचं नाही.

आजही शेळवण्यात आवडायची पाळी असते. रोज एका घरातलं एक माणूस संध्याकाळी वळणावर जातं आणि शेवटची एसटी जाईपर्यंत तिथे थांबतं. गावपळणीतसुद्धा त्या एका माणसाला शीव ओलांडायची मोकळीक देवीनं दिली आहे. त्या दिवसांत वळणावर कोणी काही विचारलं, तर त्यानं सांगायचं असतं, “होय, खाली गाव आसा, आणि मी थंयचोच.” कोणी उतरलं, मग ते ओळखीचं असो की परकं, पाळीचं माणूस त्याचं जड ओझं घेतं आणि बोलत बोलत त्याला खाली आणतं. काय बोलायचं हे ठरलेलं नाही. काही जण भाताबद्दल बोलतात, काही जण शेजाऱ्यांबद्दल. लाजरी मुलंसुद्धा पाळीच्या दिवशी बोलतात.

आणि कोणीच उतरलं नाही, तर एसटीचे लाल दिवे वळणाआड गेल्यावर पाळीचं माणूस सड्याकडे तोंड करून मोठ्यानं विचारतं, “मागे कोण रवला काय?” मग ते जरा वेळ थांबतं, कारण दुरून येणाऱ्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. मग ते म्हणतं, “चल, घराक जावया,” आणि फाट्यानं उतरू लागतं. अख्खा रस्ता मोकळा असला, तरी ते शेजारी एका माणसाची जागा सोडून एका कडेनंच चालतं.